एक ते पाचमध्ये सांगा

मागच्या वर्षी मे ते जुलै असे तीन महिने मी लोकांना फोन करायचं काम केलं. वाईच्या आसपासच्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेला माजी विद्यार्थ्यांचा सर्व्हे करून वर पाठवायचा होता. संस्थेचं नाव सांगत नाही. इलेक्ट्रिशियन, फिटर, शिवणकाम, कॉम्प्युटर ऑपरेटर असे सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स तिथं चालतात. माझ्याकडे तत्त्वज्ञान घेऊन केलेली बी.ए. होती आणि भरपूर रिकामा वेळ होता. पूर्ण भरलेल्या एका फॉर्मचे २५ रुपये मिळणार होते. अर्धवट फॉर्मचे काहीच नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

फॉर्म साधा होता. सध्या नोकरी आहे का? कोर्सशी संबंधित आहे का? महिन्याचा पगार किती? संस्थेबद्दल किती समाधानी आहात, एक ते पाचमध्ये सांगा. दुसरा फॉर्म या मुलांना कामावर ठेवणाऱ्या कंपन्यांसाठी होता. त्यात शिस्त, हजेरी, तांत्रिक ज्ञान, सूचना पाळणं असे रकाने होते आणि तिथंही एक ते पाच.

मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. अजूनही मूळ कल्पनेत वाटत नाही. शाळा-कॉलेज चांगलं की वाईट हे आपण वर्षानुवर्षं निकालाच्या टक्क्यांवरून आणि इमारतीच्या रंगावरून ठरवत आलो. निदान इथं कुणीतरी शिकून बाहेर पडलेल्यालाच विचारायचं म्हणत होतं. पतसंस्थेचं कर्ज काढून फी भरलेल्या घराला हे कळायचा हक्क आहेच. आता तर सगळेच विचारतात. नॅक विद्यार्थी, शिक्षक, माजी विद्यार्थी आणि नोकरी देणारे अशा सगळ्यांचा फीडबॅक मागतं. एनआयआरएफच्या रँकिंगमध्ये पास झालेल्यांचा मध्यम पगार मोजतात आणि कंपन्यांचं मत विचारात घेतात. तेव्हा मी आपली मन लावून फोन करायला लागले.

पहिल्या आठवड्यातच एक इलेक्ट्रिशियन भेटला, म्हणजे फोनवर. शूटिंगच्या लाइट विभागात काम करायचा. वाईला शूटिंग हे ऊस-हळदीसारखंच एक पीक आहे. मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस' झाला, त्याच्या आधी आणि नंतर कितीतरी झाले. या मुलाला कधी महिन्यात वीस दिवस काम असतं, कधी दोन महिने काहीच नाही. मी विचारलं, नोकरी आहे का, हो की नाही? तो म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा काय लिहायचं." मी 'हो' लिहिलं. मग विचारलं, महिन्याचा पगार किती?

"कुठला महिना?"

मी एक आकडा टाकला. रकाना भरला.

शिवणकामाचा कोर्स केलेल्या एका मुलीचा फोन तिच्या सासूबाईंनी उचलला. "ती घरीच असते, काही करत नाही," म्हणाल्या. मागं शिलाई मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळानं ती स्वतः फोनवर आली आणि अगदी हळू बोलायला लागली. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत तर रात्री बारापर्यंत काम. पैसे बरे मिळतात. "पण हे लिहू नका हं. किती मिळतात ते घरी माहीत नाही." सांगताना तिच्या आवाजात जो आनंद होता, तसा मला त्या तीन महिन्यांत दुसऱ्या कुणाच्या ऐकू आला नाही. मी लिहिलं, नोकरी नाही. उत्पन्न शून्य. संस्थेच्या तक्त्यात ती अपयशी मुलगी आहे. तिचा शब्द पाळला म्हणून आहे.

आणि मग कंपन्या. सुरूर फाट्यावरून हायवेला लागलं आणि खंबाटकी ओलांडला की शिरवळची एमआयडीसी. तिथल्या एका कारखान्याच्या एचआरना मी फोन केला. सज्जन माणूस, मला पंधरा मिनिटं दिली. म्हणाले, मुलं कामाला चांगली आहेत, पण टिकत नाहीत, आठ-दहा महिन्यांत चाकणला पळतात. त्यांनी दोन गुण दिले. त्या 'पळालेल्यां'पैकी एक फिटर माझ्या यादीत होता. शिरवळला तो कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर होता. चाकणला कंपनीच्या रोलवर गेला, पीएफ कापायला लागला, पगार वाढला. आपल्याला दुसरीकडे मागणी आहे हे कळण्याइतकं काम त्याला येत होतं, आणि ते त्याला या संस्थेनं शिकवलं होतं. त्यानं पाच दिले. एकाच मुलानं एकच उडी मारली होती. ती मालकाला खुपली, मुलाला मानवली. एक्सेल शीटनं दोघांची सरासरी काढली, साडेतीन. हे साडेतीन नेमकं कुणाचं मत आहे, सांगा बरं? मालकाचं नाही, मुलाचं नाही. मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले होते.

गंगापुरीतून जाता-येता प्राज्ञपाठशाळा दिसते. वाईच्या मुलांना त्या वास्तूचं फारसं काही वाटत नाही, मलाही वाटायचं नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथं शिकले, १९२३ मध्ये कलकत्त्याहून 'तर्कतीर्थ' झाले, पुढं मराठी विश्वकोश इथूनच उभा केला, हे शाळेत पाठ केलेलं. पण बी.ए.ला न्यायदर्शनाचा पेपर होता, आणि त्या दिवसांत तो मला परत परत आठवायला लागला. नैयायिक चार प्रमाणं मानतात. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे भरवशाच्या माणसाचं सांगणं. सर्व्हे हा शब्दच की! आपण त्याला थर्मामीटर समजतो, पण असतं ते कुणाचं तरी सांगणं. मग प्रश्न येतो की भरवशाचा माणूस, म्हणजे 'आप्त', कोण? न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन (कामसूत्रवाला नव्हे, तो वेगळा) दोन गोष्टी मागतो. त्या माणसाला ती गोष्ट स्वतः माहीत हवी, आणि जशी माहीत आहे तशी सांगायची इच्छा हवी. पुढं तो हेही म्हणतो की ही अट ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखीच लागू आहे. म्हणजे आप्त असण्याचा जातीशी, पदवीशी संबंध नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या माणसाच्या मानानं ही फार मोठी गोष्ट आहे.

माझ्या यादीतल्या प्रत्येकाला स्वतःबद्दल माहिती होती. पहिली अट पूर्ण. घोडं अडत होतं ते दुसरीवर. मशीनवाल्या मुलीला सांगायचं होतं, पण लिहून द्यायचं नव्हतं. एचआरना सांगायचं होतं ते त्यांच्या अडचणीबद्दल, मुलांच्या शिक्षणाबद्दल नव्हे. आणि एका मुलाला सांगायचंच नव्हतं.

त्यानं फोनवर खणखणीत उत्तरं दिली होती. हो मॅडम, कंपनीत आहे, चाकणला. परमनंट. पगार बावीस हजार. "मग समाधानी आहात ना, पाच लिहू?" असं मीच विचारलं. लिहा म्हणाला. चार मिनिटांत फॉर्म पूर्ण. असे फोन मला फार आवडायचे, कारण पंचवीस रुपये.

पंधरा दिवसांनी सकाळी आईच्या फोनवर कॉल आला, मी उचलला. "जार आणलाय, गेट उघडा." ट्रूकॉलरनं पूर्ण नाव दाखवलं. माझ्या यादीतलंच नाव. आवाजही तोच. खांद्यावर वीस लिटरचा जार घेऊन तो वर आला, ठेवला, रिकामा घेऊन गेला. मी काही बोलले नाही.

दिवसभर मला त्याचा राग येत होता. माझा डेटा खराब केला! संध्याकाळी घाटावर बसल्यावर कळलं की राग चुकीच्या माणसावर काढतेय. एक अनोळखी मुलगी ऑफिसच्या आवाजात त्याला विचारते की तुझं काही झालं की नाही. शेजारी कदाचित वडील बसलेत, ज्यांनी फी भरली. तिच्या प्रश्नाला 'नाही' म्हटलं तर बदल्यात काय मिळणार? संस्था त्याला पुन्हा शिकवणार नाही, नोकरी देणार नाही, फी परत करणार नाही. नुसतं 'नाही' तेवढं त्याच्या नावापुढं लागणार. खरं बोलण्याची सगळी किंमत त्यानं द्यायची आणि त्याचा उपयोग मात्र दुसऱ्या कुणाला. अशा प्रश्नाला खरं उत्तर मागायचा मला काय अधिकार होता? शिवाय 'पाच लिहू?' हे शब्द तर माझेच होते. आप्त तो नव्हता हे खरं, पण मीही नव्हते. त्याला लाज राखायची होती, मला पंचवीस रुपये हवे होते.

मोठ्या प्रमाणावर हेच कसं दिसतं ते नंतर वाचलं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यावरचा कॅगचा अहवाल २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेत आला. ९४ टक्क्यांहून जास्त लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्यं, 'लागू नाही' किंवा मोकळी जागा. कॅगनं लाभार्थ्यांना ई-मेल पाठवून स्वतः विचारून बघितलं, तर एक तृतीयांशाहून जास्त ई-मेल पोचलेच नाहीत. उत्तरं आली १७१, त्यातली १३१ एकाच ई-मेलवरून किंवा प्रशिक्षण देणाऱ्यांच्याच ई-मेलवरून आलेली. विद्यार्थ्याच्या तोंडून संस्थाच बोलत होती. अमेरिकेत कोरिंथियन कॉलेजेस नावाची मोठी कंपनी होती. तिच्या हील्ड कॉलेजनं नोकरी लागलेल्यांचे आकडे फुगवले म्हणून तिथल्या शिक्षण खात्यानं २०१५ मध्ये जवळपास ३ कोटी डॉलरचा दंड लावला. मुलांना कॉलेजच्याच आवारात दोन-दोन दिवसांचं काम द्यायला एजन्सींना पैसे दिले आणि ती मुलं 'नोकरी लागली' म्हणून मोजली. अकाउंटिंग शिकलेला एक जण शिकण्याच्या आधीपासून टाको बेलमध्ये खाद्यपदार्थ विकत होता. तोही 'आपल्या क्षेत्रात नोकरी' म्हणून धरला. त्याच महिन्यात कंपनी बंद पडली.

हे वाचून मला थोडं बरं वाटलं, हे कबूल करते. आपण एकट्याच नाही असं. पण कोरिंथियननं कोट्यवधींसाठी आकडे फुगवले, आमच्या जारवाल्यानं चारचौघांत मान राहावी म्हणून. तक्त्यात दोन्ही ठिकाणी सारखाच '१' पडतो.

माझी एक मैत्रीण म्हणते की विचारायचंच कशाला, पीएफचा डेटा घ्या, कोण रोलवर आहे ते आपोआप कळेल. शब्द नको, प्रत्यक्ष बघा. हे ऐकायला बरं वाटतं. पण पीएफच्या यादीत लाइटवाला नाही, मशीनवाली तर नाहीच. ज्यांचं काम कागदावर येत नाही त्यांचं कळायचं तर त्यांना विचारावंच लागणार.

विचारायचं कसं? इथं मला विनोबा आठवतात, आणि ते गंगापुरीमुळंच. १९१७ मध्ये गांधींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडं शिकायला आले. वर्ष संपताना त्यांनी गांधींना लांबलचक पत्र लिहिलं. कुठले ग्रंथ झाले, पायी किती फिरलो, गीतेचे वर्ग कसे घेतले, वाचनालयासाठी पैसे उभे करायला मुलांनी दळण कसं दळलं, असा सगळा हिशेब. माजी विद्यार्थ्यानं भरलेला हा फॉर्मच म्हणा ना. त्यातले रकाने मात्र विद्यार्थ्यानं स्वतः आखले होते, आणि वाचणारा माणूस त्याचा होता. सगळेच विनोबा नसतात, आणि त्यांच्यामागं पतसंस्थेचा हप्ता नव्हता, तेव्हा हे उदाहरण फार ताणत नाही. पण रकाने कोण आखतं हा प्रश्न डोक्यातून जाईना.

म्हणून शेवटच्या आठवड्यात मी फॉर्मबाहेरचा एक प्रश्न घातला. या कोर्सबद्दल तुम्हाला काय विचारायला हवं होतं? लोक एकदम बोलायला लागले. मशीन किती दिवस बंद होतं ते विचारा. सर किती तास शिकवत होते ते विचारा. एक मुलगी म्हणाली, "मी रोज एकटी एसटीनं जायचे. त्याच्या आधी कधीच एकटी कुठं गेले नव्हते. ते कुठं लिहिता?" मी ते सगळं रिमार्कमध्ये लिहिलं. फॉर्म जमा करताना साहेब म्हणाले, रिमार्कचा कॉलम सिस्टीम घेत नाही.

जारवाल्याचा फॉर्म मी दुरुस्त केलेला नाही. केला तर त्याची चहाडी केल्यासारखं, आणि नाही केला तर फ्लेक्सवरच्या टक्क्यांत त्याचाही वाटा. दिवाळीनंतर तो फ्लेक्स लागलाच. आमच्या शेजारच्या काकू तो बघून आल्या आणि म्हणाल्या, "तू तिथं कामाला होतीस ना गं? आमच्या धाकट्याला इलेक्ट्रिशियनला घालू का?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी जिन्यात उभी होते. "तुम्ही इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलाय ना? शेजारच्या मुलाला घालायचंय. कसा आहे?"

त्यानं जार खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं.

"वायरिंगचे सर चांगले आहेत. जीव तोडून शिकवतात. मोटर रिवाइंडिंग कागदावरच झालं, हाताला काही लागलं नाही. घालायचं तर त्या सरांची बॅच कुठली ते विचारून घाला. आणि फी हप्त्यानं द्या म्हणावं, एकदम देऊ नका." मग थांबून म्हणाला, "फोन तुम्हीच केला होता ना?"

"हो."

"आवाज ओळखला होता मी पहिल्याच दिवशी," म्हणाला, आणि रिकामा जार उचलून जिना उतरला.