ओवीची साक्ष

सोसणं हा बाईचा धर्म आहे, असं पोथीनं सांगितलं, कीर्तनानं सांगितलं, आणि लेकीची पाठवणी करताना आईनंही सांगितलं. मग याच परंपरेतल्या गाण्यांनी बाईवर उगारलेला हात अडवता येईल का? पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडच्या गावांत बायकांचं असं गाणं म्हणजे जात्यावरची ओवी. माझं म्हणणं असं की ओवी हे काम करू शकते, पण ती साक्ष म्हणून ऐकली तरच. घोषणेला चाल लावून तिला राबवलं तर तिच्यातलं बळच निघून जातं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी 1980च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि पुढे महाराष्ट्रभर या ओव्या गोळा केल्या. लाखाच्या वर भरलेला हा साठा ‘पारी’ या ग्रामीण भारताची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळाने 2017पासून लोकांपुढे आणला. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांच्या ओव्याही त्यात आहेत. या ओव्यांमधली सीता पुराणातल्या सीतेपेक्षा जवळची वाटते. ती सासुरवाशीण आहे, गरोदरपणी घराबाहेर काढलेली आहे. तिच्या वाट्याचा सासुरवास पुढे घरोघरच्या बायकांमध्ये वाटला गेला, अशी एक कल्पना ओव्यांतून महाराष्ट्रभर फिरते. ती नीट पाहिली तर तिच्यात मोठा विचार आहे. माझ्या अंगावरचा वळ हा माझ्या नशिबाचा किंवा माझ्या चुकीचा नाही, तो एका जुन्या अन्यायाचा माझ्यापर्यंत आलेला वाटा आहे, असं ती बाई म्हणते. रामाला ती देव मानते, रामनवमीला पाळणाही म्हणते, आणि तरी पहाटे जात्याशी बसल्यावर सीतेच्या बाजूने उभी राहते. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडी नांदतात. धर्म न सोडता धर्मातल्या अन्यायाला नाव ठेवण्याची ही रीत तिला कोणा सुधारकाने शिकवलेली नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की याच ओव्या कुंकवाची थोरवी गातात, नवऱ्याला देव म्हणतात आणि सोसणाऱ्या बाईला शाबासकी देतात. ते खरंच आहे, आणि निवडक ओव्या पुढे करून ते झाकणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. संत बहिणाबाईंचंच पाहा. 1628मध्ये देवगावला जन्मलेल्या, तुकोबांना गुरू मानणाऱ्या या बाईने नवऱ्याने केलेल्या मारहाणीची हकीगत आपल्या अभंगांत स्वतः सांगितली. त्याच अभंगांत पुढे पतिसेवा हाच आपला धर्म, असंही ती ठरवते. हा निष्कर्ष आज आपण स्वीकारण्याचं कारण नाही. पण साक्ष आणि निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्कर्ष तिच्या काळाने तिला दिला. मार मात्र तिने स्वतः खाल्ला आणि देवाला ऐकवायच्या शब्दांत तो नोंदवून ठेवला. घरातली गोष्ट घरात ठेवायची, या नियमाला तिने सतराव्या शतकात छेद दिला.

इथे जनाबाईची कथा फार महत्त्वाची ठरते. नामदेवांच्या घरच्या या दासीबरोबर विठोबा दळायला बसतो, ही कथा वारकऱ्यांच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. आपण ती भक्तीची गोड गोष्ट म्हणून सांगतो आणि तिचा अर्थ तिथेच सोडून देतो. देव जर बाईच्या कष्टात खुंट्याला हात लावायला येतो, तर त्या कष्टाच्या जागी तिच्यावर पडणारा फटका हा नवरा-बायकोतला खासगी मामला कसा राहील? पांडुरंग तिथे बसलेला आहे, असं आपणच म्हणतो. जो माळकरी ही कथा मानतो आणि घरी हात उगारतो, त्याला बाहेरचं तत्त्वज्ञान सांगायची गरज नाही. त्याच्याच श्रद्धेने त्याला जाब विचारता येतो. मला तरी ओवीचं सगळ्यात मोठं बळ यातच दिसतं.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. गाण्याने बाईचं मन हलकं होतं आणि मार तसाच चालू राहतो. तिला हवा असतो निवारा. या आक्षेपाचं मूर्तिमंत रूप दौंड तालुक्यातच आहे. पुराण सांगत देशभर फिरणाऱ्या घरात वाढलेल्या पंडिता रमाबाईंनी ही परंपरा आतून जाणली, तिच्याशी फारकत घेतली आणि केडगावला मुक्ती मिशन उभारून दुष्काळातल्या, टाकलेल्या मुलीबाळींना छप्पर दिलं. ओवी ते छप्पर देऊ शकत नाही, हे निर्विवाद. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा, त्यातला संरक्षण अधिकारी, पोलिसांत नोंदवायची तक्रार, यांची जागाही तिला घेता येणार नाही. पण तक्रारीसाठी आधी बाईने बोलावं लागतं, आणि ती बोलली तर गावाने तिचं खरं मानावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चौथा हिस्सा नवऱ्याच्या हिंसेबद्दल बोलला. पोलिस ठाण्यापर्यंत पोचतात त्या फार थोड्या. या मधल्या अंतरात ओवीचं काम आहे.

गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आता ओवी कुठे गायची, असं विचारलं जातं. खरं तर जात्यावर ती बायकाच ऐकत होत्या. ज्यांनी ऐकायला हवी ते पुरुष त्या वेळी झोपलेले असत. स्त्री मुक्ती संघटनेच्या ‘मुलगी झाली हो’ या नाटकाने 1983पासून लोकगीतांचा बाज घेऊन बाईवरच्या अन्यायाचा विषय चव्हाट्यावर आणला आणि तो गावोगाव ऐकला गेला. अशी चव्हाट्यावरची जागा ओवीलाही मिळू शकते. तुकोबांची पालखी दरवर्षी यवतला आणि वरवंडला मुक्कामाला असते. त्या रात्रीच्या कीर्तनात जनाबाईची कथा लागली, की बुवांनी थोडं थांबावं, आणि मांडवातल्या पुरुषांसमोर गावातल्या म्हाताऱ्या बायकांना सीतेच्या ओव्या म्हणू द्याव्यात. निरूपण त्यानंतर करावं, आणि त्यात मारहाणीचं नाव घ्यावं.