गण म्हणायच्या आधी

गणराया, रात्री फडावर आम्ही तुझा गण म्हणतो तो सगळ्या गावासाठी. ही प्रार्थना माझी एकट्याची, हलगीवाल्याची. ट्रकच्या हौद्यात पेट्या आणि पडद्यांवर पाय पसरून करतोय, तेव्हा सोवळं-ओवळं विचारू नकोस.

दसऱ्याला नारळ फुटला की थेट बुद्धपौर्णिमेपर्यंत तू आमच्याबरोबर हिंडतोस. पौष पौर्णिमेला कोरठणचा खंडोबा, शिमगा झाला की मढीचे कानिफनाथ, चैत्रात निघोजची मळगंगा. जत्रेचा देव गावागणिक बदलतो, पण तमाशात पहिला मान तुझाच. ढोलकीची सलामी झाली की गण, मग गवळण. एवढं नित्यनेमाने बोलावतो, म्हणून थोडा हक्क सांगतो.

पहिलं मागणं कातड्याचं. अकोल्याकडच्या गावांत पौषात असं दव पडतं की हलगी सैल होऊन भद्द वाजते. मग कनातीमागे पाचट पेटवायचं आणि हलगी जाळावर धरून फिरवत राहायचं. लांब धरली तर ताण येत नाही, जवळ गेली तर कातडं करपतं. मधून मधून बोट मारायचं. आवाज खणखणीत झाला की पळत बोर्डावर. दोन गाणी होईतो ती पुन्हा उतरते, पुन्हा जाळ. आता फायबरची हलगी निघाली आहे, तिला दव लागत नाही. पोरं म्हणतात, घ्या की. उद्या घेईनही. पण शेकलेल्या कातड्याचा कडकडाट तिला नाही, हे तुझ्या एवढाल्या कानांना मी काय सांगू?

दुसरं मागणं ड्रायव्हरच्या डोळ्यांचं. खेळ संपला तरी आमची रात्र संपत नाही. सकाळी गावात हजेरी द्यायची, दुपारी लोक कुस्त्यांच्या हगाम्याकडे वळले की तंबू-कनाती उपटून ट्रकमध्ये भरायच्या आणि पुढचं गाव गाठायचं. चंदनापुरीचा घाट लागतो तेव्हा सगळा फड झोपलेला असतो; बाया तोंडावरचा रंग न पुसताच कलंडलेल्या असतात. त्या वेळी एकटा ड्रायव्हर जागा हवा. विघ्नहर्ता म्हणवतोस ना, मग त्याच्या शेजारी बस आणि गप्पा मार.

तिसरं मागणं मोठं आहे. रात्री दहानंतर भोंगा बंद, असा नियम २००० साली आला. कायदा वाईट म्हणत नाही, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना झोप हवीच. पण गावची पालखी, शोभेची दारू, पाहुण्यांची जेवणं उरकून माणसं तंबूत येतात तोवर नऊ वाजलेले असतात. गण झाला, कृष्णाने गवळणी अडवल्या, दोन लावण्या झाल्या की पोलीस घड्याळ दाखवतात. पूर्वी वग तांबडं फुटेपर्यंत चालायचा. आता आमचा राजा सिंहासनावर बसायच्या आत पडदा पडतो. गुढीपाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांत गावचे पंच सुपारी द्यायला येतात, तेव्हा पोरी किती आणि सिनेमाची गाणी कोणती, हे आधी विचारतात. वग कोणता, हे विचारणारा पंच एखादाच. गणराया, त्या एखाद्याला उदंड आयुष्य दे.

आमच्या बायांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघ. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा याच वाटेने गेली. बाईचं सोंग पुरुषानेच घ्यायचं त्या काळात ती पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली. कांताबाई सातारकरांनी संगमनेरातून फड चालवला, शिवाजी महाराजांची भूमिकाही केली. २०२१ च्या मे महिन्यात कोरोनाने त्यांना नेलं. त्यांचं नाव निघालं की लोक कानाला हात लावतात, आणि तेच लोक आमच्या नाचणाऱ्या पोरीला गावात कुणी भाड्याने खोली देत नाही तेव्हा गप्प बसतात. हा हिशेब मला जुळत नाही. तू बुद्धीचा देव, तुला जुळतो का?

पैशाचंही बोलून टाकतो. हंगामाआधी घेतलेली उचल हंगाम संपेतो फिटत नाही, हे आमच्याकडे नवं नाही. पण २०२० च्या मार्चमध्ये, ऐन चैत्राच्या तोंडावर, जत्रा बंद झाल्या आणि पुढचा चैत्रही तसाच गेला. ढोलकीवाले कुणाच्या रानात कांदे काढायला गेले, सोंगाड्यांनी भाजी विकली. त्या दोन वर्षांची उचल काहींच्या मानेवर अजून आहे. ती माफ कर म्हणत नाही, घेतलेलं फेडू. फक्त पोराच्या नावावर चढू देऊ नकोस. त्याला शाळेत राहू दे. त्याला हलगी धरायची असेल तर हौसेने धरू दे.

शेवटचं. पुढच्या गावावर आभाळ भरून आलंय, असा फोन आला. अवकाळी आली की खेळ मोडतो आणि ठरलेली सुपारी निम्मी होते. पाऊस पाडायचाच असेल तर उद्या हजेरी झाल्यावर पाड. रानात काढून टाकलेला कांदा झाकायला लोकांनाही तेवढी सवड मिळेल, आणि कांदा वाचला तर पुढच्या सालीही ते सुपारी देतील.