साक्षीला कोण उभे होते?

जमिनीवर गुन्हा घडला की पंचनामा होतो. पंच येतात, चतुःसीमा लिहिली जाते, डाग पडलेली माती पुडीत बांधून नेली जाते. समुद्राला चतुःसीमा नाही. जहाज लुटा, पेटवा, बुडवा; तासाभराने तिथले पाणी शेजारच्या पाण्यासारखेच दिसते. म्हणून समुद्रावरच्या गुन्ह्यात माणसाची जबानी हाच मोठा पुरावा. मग प्रश्न येतो: जबानी कोणाची घेतली, आणि कोणाची घ्यायची राहून गेली?

डहाणूजवळच्या वाढवणच्या खडकांवर ओहोटीला उभे राहिले की समोरून सुरतेची जुनी सागरी वाट जाते. तलासरीपलीकडचे संजान इंग्रज खलाशांच्या तोंडी ‘सेंट जॉन’ झाले आणि त्यांच्या नकाशांत बराच काळ तसेच राहिले. सप्टेंबर 1695 मध्ये मक्केहून सुरतेला परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने अरबी समुद्रात धरले. त्यावर हाजी होते, व्यापारी होते, बायका होत्या. इंग्रजी कागदांत त्याचेही नाव बिघडले: ‘गन्सवे’.

या लुटीची एक हकीकत इतिहासकार खाफीखानाची. तो त्याच काळात सुरतेहून किनाऱ्याने, पोर्तुगीजांच्या मुलखातून मुंबईकडे गेला होता. डहाणूची पट्टी त्याच्या वाटेवरचीच. तो सांगतो की जहाजावर 80 तोफा आणि 400 बंदुका होत्या. आपलीच एक तोफ फुटली, शत्रूच्या गोळ्याने मुख्य डोलकाठी मोडली. कप्तान इब्राहिमखान जहाजाच्या तळात पळाला आणि मक्केत विकत घेतलेल्या मुलींच्या डोक्याला पागोटी बांधून त्यांना लढायला पाठवू लागला. लूट 52 लाखांची. दुसरी जबानी एव्हरीच्याच टोळीतल्या जॉन डॅनची. त्याच्या मते तोफा 40, माणसे 800, आणि जहाज तीन तास झुंजले.

चोर म्हणतो जहाज झुंजले. घरचा म्हणतो कप्तान पळाला. गंमत वाटेल, पण दोघांचेही हिशेब सरळ आहेत. झुंज मोठी तर डॅनची मर्दुमकी मोठी. कप्तान भेकड ठरला तर बादशाही आरमाराची अब्रू वाचते. शिवाय खाफीखान जहाजावर नव्हताच. त्याचे सारे ऐकीव. जे जहाजावर होते, ज्यांचे गेले, त्यांच्यापैकी कोणाचीही जबानी लंडनच्या न्यायालयासमोर आली नाही.

डॅन सापडला तोही एका मोलकरणीमुळे. 1696 च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडात परतून रॉचेस्टर गावच्या एका खानावळीत उतरला होता. तिथल्या बाईच्या हाती त्याची बंडी आली आणि अस्तरात शिवलेले सोने उघडे पडले: हजार पौंडांहून अधिक किमतीची नाणी. डॅन माफीचा साक्षीदार झाला. तिकडे या लुटीपायी सुरतेच्या वखारीतले इंग्रज कैदेत पडले होते, ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार अडला होता. लंडनला कोणाला तरी शिक्षा करून दाखवणे भाग होते.

19 ऑक्टोबर 1696 रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एव्हरीच्या टोळीतल्या सहा जणांवर खटला उभा राहिला तो ‘गन्सवे’ लुटल्याचा. ज्युरीने आरोपींना सोडून दिले. बारा दिवसांनी त्याच माणसांवर दुसरा आरोप ठेवला गेला: 1694 मध्ये स्पेनच्या किनाऱ्यावरून इंग्रज मालकांचे जहाज पळवल्याचा. या वेळी सहाही जण दोषी ठरले आणि पाच जण फासावर गेले. हज यात्रेकरूंची लूट सिद्ध होईना. इंग्रज मालकाचे जहाज मात्र चटकन सिद्ध झाले.

त्या पाचांतल्या जॉन स्पार्क्सने मरताना कबुली दिली. जहाज पळवल्याबद्दल आपल्याला फाशी होत असली, तरी त्या हिंदी माणसांशी आणि त्यांच्या बायकांशी केलेल्या क्रौर्यासाठीच आपण मरणाला अधिक पात्र आहोत, असा तिचा आशय. खरी साक्ष आली ती निकाल लागून गेल्यावर, वधस्तंभाशी.

तीन शतकांनी हाच पेच मुंबईत उभा राहिला. ऑक्टोबर 1999 मध्ये इंडोनेशियाहून 7,000 टन अ‍ॅल्युमिनियम घेऊन जपानला निघालेले ‘अलोंड्रा रेनबो’ चाच्यांनी पळवले. कप्तानासह 17 जणांना तराफ्यावर सोडून दिले. सुमारे दहा दिवसांनी त्यांना वाचवले ते थायलंडच्या मासेमारांनी. जहाजाचे नाव पुसून ‘मेगा रामा’ रंगवले गेले. तटरक्षक दलाचे ‘ताराबाई’ आणि नौदलाचे ‘प्रहार’ यांनी ते अरबी समुद्रात अडवले, तेव्हा आतल्यांनी जहाजाला आग लावली, पाणी आत सोडले. पुरावाच बुडवायचा होता. जहाज वाचले, मुंबईत आले. सत्र न्यायालयाने 2003 मध्ये आरोपींना सात वर्षांची शिक्षा दिली; 2005 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. तेव्हा देशात चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो 2022 मध्ये संसदेत मंजूर झाला. मार्च 2024 मध्ये ‘रुएन’ जहाजावरचे 35 सोमाली चाचे नौदलाने मुंबईत आणले, तेव्हा तो कायदा हाताशी होता.

कायदा आला, गस्त आली. आता वाढवणला 76,220 कोटींचे बंदर येत आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी भूमिपूजन झाले. वर्षाला 298 दशलक्ष टन मालाची क्षमता सांगितली जाते. न्यायमूर्ती धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखालील डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने 1998 मध्ये इथे बंदर नको म्हटले होते. त्याच प्राधिकरणाने 2023 मध्ये परवानगी दिली. मधल्या पंचवीस वर्षांत समुद्र तोच होता. बदलले ते कोणाचे म्हणणे ग्राह्य धरायचे याचे माप.

बंदर व्हावे की नाही, यावर वाद चालेल. पण ज्यांचे जाते त्यांची जबानी निकालानंतर घेण्यात अर्थ नसतो, हे ‘गंज-इ-सवाई’ने शिकवले आहे. वाढवण, वरोर, धाकटी डहाणू इथल्या नाखव्यांना आणि मासळी विकणाऱ्या बायकांना कोणत्या खडकात शेवंड मिळते, घोळ कोणत्या महिन्यात कुठे लागते, उधाणाचे पाणी कुठवर चढते, हे तोंडपाठ आहे. ते तारीखवार, नावानिशी, सहीनिशी लिहून घ्या. ग्रामपंचायतीने घ्यावे, मच्छीमार संस्थेने घ्यावे, कॉलेजच्या मुलांनी घ्यावे. भराव पडण्याआधी घ्यावे.