दुरुस्ती करणाराचें मौन

दुसऱ्याची वस्तु दुरुस्तीस घेणें हें वरकरणीं मोठें निरुपद्रवी काम दिसतें. परंतु त्यांत एक नैतिक प्रश्न दडलेला असतो, आणि आमच्यापुढें तो एका खेळण्याच्या रूपानें उभा राहिला.

आमच्या एका स्नेह्यांपाशीं त्यांच्या दिवंगत वडील बंधूंचें, विजेवर चालणारें आगगाडीचें छोटें इंजिन आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनें 1938 सालीं 'हॉर्न्बी डब्लो' या नांवानें ज्या गाड्या काढल्या, त्यांच्याच जातीचें; तीन रुळांवरून, बारा व्होल्टच्या प्रवाहावर धांवणारें. वय झाल्यामुळें तें जात्यासारखी घरघर करूं लागलें, म्हणून स्नेह्यांनीं तें आमच्या स्वाधीन केलें.

असा आवाज बहुधा क्षुल्लक कारणांनीं होतो. मोटरीच्या आंसाला मागेंपुढें सरकण्यास वाजवीपेक्षां अधिक जागा मिळाली म्हणजे तो ठोके देतो. तेल वाळलें म्हणजे किरकिरतो. थेंबभर तेल आणि एक पातळ चकती, एवढ्यानें काम भागलें असतें. पण आम्हांस आंत काय आहे तें पाहावयाचें होतें! (दुरुस्तीच्या नांवाखालीं कुतूहल किती वेळां आपली हौस भागवून घेतें, याचा हिशेब कोणीं ठेवला आहे?) चुंबकाच्या दोन टोकांमधून आर्मेचर आम्हीं सरळ उपसून काढलें. त्या काळच्या चुंबकांचा स्वभाव असा कीं, मधलें लोखंड काढण्यापूर्वीं दुसरी लोखंडी पट्टी टोकांवर आडवी लावली नाहीं, तर त्यांचें बळ घटतें. आणि आर्मेचर परत बसविल्यानें तें परत येत नाहीं. हें आम्हांस ठाऊक होतें. आठवलें मात्र मागाहून.

इंजिन जोडलें. घरघर गेली होती. पण पूर्वीं चार डबे ओढणारें तें इंजिन आतां दोहोंनींच तापूं लागलें.

स्नेही आले. त्यांनीं तें एकटेंच रुळांवर फिरवून पाहिलें आणि "वा! आवाज अगदीं गेला हो," असें म्हणून आमचा हात हातांत घेतला. यापुढें तें कांचेच्या कपाटांतच राहणार होतें. डबे जोडण्याचा प्रसंग कधींच येणार नव्हता. मग सांगून त्यांचा आनंद कां नासावा? जी हानि कोणास जाणवणार नाहीं ती हानि कसली? हा युक्तिवाद आम्हांस फार सोयीचा वाटला, आणि सोयीचा वाटला म्हणूनच आम्ही थबकलों. आमच्या मौनानें त्यांचा आनंद राखला जात होता हें खरें. पण त्याहून अधिक आमचा लौकिक राखला जात होता. ज्या दयेचा मोठा वांटा आपल्याच पदरांत पडतो, तिच्याविषयीं संशय घेतलेला बरा. शिवाय जुना दोष ओरडून आपलें अस्तित्व सांगत होता. आमचा दोष मुका होता. त्याच्या वतीनें बोलणारें आमच्यावांचून कोणी नव्हतें.

आम्हीं सांगितलें. स्नेही बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "हें बळ पुन्हा देतां येतें का?" येतें, तारेच्या वेटोळ्यांतून क्षणभर जोराचा प्रवाह सोडून चुंबकास पुन्हा बळ देतात. पण त्यास निराळें साधन लागतें, आणि तें धुंडाळावें लागेल, असें आम्हीं म्हटलें.

"दादा नेहमीं चारच डबे जोडीत असे," एवढें बोलून त्यांनीं इंजिन पुन्हा आमच्या हातीं दिलें.