न मागितलेले सूर

चांगले आहे म्हणून, नको असलेलेही लोकांना ऐकवावे काय? १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या डॉ. बाळकृष्ण केसकरांचे उत्तर ‘होय’ असे होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली, शास्त्रीय संगीताला मानाची जागा मिळाली. श्रोत्यांनी मात्र काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली.

‘लोकांना हवे तेच द्यावे’ हा यावरून काढला जाणारा बोध मला अपुरा वाटतो.

अमरगोळला आमच्या घरी मुंबई केंद्र खरखरत लागे. स्वच्छ ऐकू येई ते ८ जानेवारी १९५० पासून चालू असलेले धारवाडचेच. वडील मराठीसाठी काटा फिरवून थकत आणि नाइलाजाने धारवाडवर थांबत. अशाच एका संध्याकाळी मल्लिकार्जुन मन्सूरांच्या आवाजातले कन्नड वचन कानी पडले. शब्द अर्धेच कळले. मी उठलो, तर वडील म्हणाले, “राहू दे रे.” शाळेत शिकूनही परकी राहिलेली भाषा त्या दिवशी शेजारची झाली.

आता मुलांना काय ऐकवावे हे मी ठरवतो, आणि केसकरांचा मोह मलाही होतो. पण दुसरे दार बंद करून दिलेले चांगलेही सक्तीच ठरते. उलट, ज्याच्या त्याच्या मोबाईलवर ज्याला त्याला आवडेल तेवढेच वाजत राहिले, तर शेजारचा सूर कानी पडणार कधी?

म्हणून प्रार्थनेनंतर कधी वचन, कधी अभंग लावतो. चुळबुळणाऱ्यावर रागावत नाही. काटा त्याच्याच हाती राहो. सूर मात्र त्याच्या वाटेवर असावा.