सवलत हीदेखील आज्ञाच

रमजानची सहरी. घरातील सर्वजण दस्तरख्वानाभोवती बसलेले असतात आणि एक वडीलधारी व्यक्ती थोडी बाजूला मूकपणे तसबीह फिरवीत असते. तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली आहेत, आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावे लागते आणि डॉक्टरांनी रोजाला मनाई केली आहे. वाचकहो, असे एखादे घर आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल.

माझ्या परिचयातील अशाच एका वृद्ध गृहस्थांनी बालिग झाल्यापासून एकही रोजा सोडला नव्हता. डायलिसिस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच रमजानमध्ये त्यांनी घरच्यांपासून लपवून रोजे ठेवण्यास सुरुवात केली. चौथ्या दिवशी इफ्तारच्या वेळी तहान अनावर झाली. त्यांनी पेल्यामागून पेले शरबत घेतले, मनसोक्त खजूर खाल्ले आणि मध्यरात्री श्वास घेता येईना म्हणून त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. अल्लाहच्या कृपेने ते वाचले. मात्र डोळे उघडताच त्यांनी मुलाला विचारले, “ज्याला रोजाही ठेवता येत नाही, तो कसला मुसलमान?”

या प्रश्नाचा उपहास करू नये. त्यामागे एका आयुष्याची निष्ठा उभी आहे. तरीही त्याचे उत्तर शोधताना प्रथम त्या रात्री त्यांच्या शरीरात काय घडले, हे समजून घ्यावे लागेल.

निरोगी मूत्रपिंडे अहोरात्र, म्हणजे आठवड्याचे 168 तास रक्त गाळत असतात. यंत्राला हे काम साधारणपणे चार-चार तासांच्या तीन बैठकांत, अवघ्या 12 तासांत उरकावे लागते. हातातील फिस्च्युलामधून रक्त बाहेर येते आणि केसासारख्या बारीक, पोकळ अशा हजारो तंतूंतून वाहते. तंतूंच्या बाहेरून एक द्रव विरुद्ध दिशेने वाहत असतो. रक्तातील युरिया, क्रिएटिनिन आणि अतिरिक्त पोटॅशियम त्या द्रवात उतरतात, साचलेले पाणीही काढून घेतले जाते आणि शुद्ध झालेले रक्त शरीरात परतते. मात्र दोन बैठकांच्या मधल्या काळात जे प्यावे ते शरीरात साचत जाते, कारण अनेक रुग्णांना लघवी जवळजवळ होतच नाही. साचलेले पाणी फुप्फुसांत उतरले की श्वास कोंडतो. खजूर, केळी, नारळपाणी, फळांचे रस यांत पोटॅशियम भरपूर असते आणि ते रक्तात फार वाढले तर हृदय अचानक बंद पडू शकते. निरोगी माणसाच्या इफ्तारीची शोभा वाढविणारे पदार्थ या रुग्णाच्या जिवावर बेततात ते असे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रोजा हा अल्लाहचा आदेश आहे, पण सवलत कोणाची आहे? ती डॉक्टरांनी दिलेली नाही. ती काही मनुष्याच्या दुबळेपणाने पाडलेली पळवाटही नाही. सूरह अल्-बकराच्या ज्या 185 व्या आयतीत रमजानचे रोजे ठेवण्याचा आदेश आहे, त्याच आयतीत आजारी माणसाला व प्रवाशाला सूट आहे आणि अल्लाहला आपल्या दासांसाठी सुलभता हवी आहे, हेही तेथेच सांगितले आहे. एकाच आयतीचा अर्धा भाग शिरोधार्य मानावा आणि उरलेला अर्धा आपल्या शानीला कमी समजावा, हे कोणते आज्ञापालन?

मक्का विजयाच्या वर्षीचा, म्हणजे हिजरी 8 मधील प्रसंग आठवावा. रमजानचा महिना होता. प्रेषित मुहम्मद (स.) आणि सहाबा (रजि.) मक्केच्या वाटेवर होते व रोजा लोकांना जड जात होता. असरनंतर प्रेषितांनी (स.) पाण्याचा पेला मागविला, सर्वांना दिसेल असा उंच धरला आणि ते पाणी प्राशन केले. नंतर काही लोकांनी तरीही रोजा सोडला नसल्याचे कळले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना आज्ञाभंग करणारे म्हटले. इतर प्रवासांत सहाबांपैकी काहीजण रोजा ठेवीत, काहीजण ठेवीत नसत आणि कोणी कोणाला दोष देत नसे, हेही खरे आहे. म्हणजे प्रवासात रोजा ठेवणे मुळात दोषास्पद नव्हते. त्रास स्पष्ट दिसत असताना आणि प्रेषितांनी (स.) स्वतः पेला उंचावून दाखविल्यावरही हट्ट धरणे दोषास्पद ठरले.

कष्ट जितके अधिक तितकी इबादत श्रेष्ठ, अशी एक समजूत आपल्या मनात खोल रुजली आहे. आज्ञा पाळताना कष्ट झाले तर त्यांचा मोबदला आहेच. मात्र स्वतःहून ओढवून घेतलेल्या कष्टाला आज्ञा म्हणता येत नाही. येथे मनाला एक अवघड प्रश्न विचारावा लागतो: मला रोजा प्रिय आहे, की ‘कधीही रोजा न सोडणारा’ ही माझी प्रतिमा? पन्नास वर्षे भूक सहन करणाऱ्याला तेवढ्यात सर्वांदेखत एक घोट पाणी पिणे जड जाते. नफ्सशी झुंज तर येथेही आहेच.

दोष एकट्या रुग्णाचा नसतो. “नियत पक्की असली की अल्लाह ताकद देतो,” असे म्हणणारे नातेवाईक, शेजारी घरोघरी असतात. त्यांनी एक हदीस अवश्य वाचावी. प्रवासात एका सहाबींच्या डोक्याला जखम झाली व रात्री त्यांना गुस्लची गरज पडली. तयम्मुमची सवलत मिळेल का, असे त्यांनी विचारले असता सोबत्यांनी नकार दिला. त्यांनी पाण्याने अंघोळ केली आणि ते मृत्यू पावले. प्रेषितांना (स.) हे समजले तेव्हा त्या माणसाच्या मृत्यूची जबाबदारी त्यांनी सल्ला देणाऱ्यांवर टाकली आणि ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, असा जाब विचारला. कोणत्या रुग्णाला डायलिसिस नसलेल्या दिवशी रोजा झेपेल, हे त्याचे अहवाल पाहून डॉक्टरने सांगावे. शेजाऱ्याने नव्हे.

यंत्राच्या आधाराने जगणे म्हणजे तवक्कुल सोडणे, असेही काहींना वाटते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या ताब्यातील हॉलंडमध्ये विलेम कोल्फ या डॉक्टरांनी सॉसेजच्या आवरणासाठी वापरल्या जाणाऱ्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पिंपाभोवती गुंडाळून 1943 मध्ये कृत्रिम मूत्रपिंड बनविले. सुरुवातीचे जवळजवळ सर्व रुग्ण दगावले. 1945 मध्ये त्या यंत्राने एका 67 वर्षांच्या महिलेचे प्राण वाचले. औषधोपचार करण्याची शिकवण प्रेषितांनी (स.) दिलेली आहे, आणि साधनही अल्लाहनेच निर्माण केलेले आहे. मूत्रपिंडे शाबूत होती तेव्हा तरी आपण कोणाच्या आधाराने जगत होतो?

ज्याचा आजार बरा होण्याची आशा नाही, त्याने प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरजूला जेवण द्यावे. हा फिदया होय. प्रत्यारोपणानंतर खरोखर प्रकृती सुधारली तर कजाचे काय करावे, हे आलिमांना विचारून घ्यावे. डायलिसिसने रोजा तुटतो की नाही, याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. अनेकजण तो तुटतो असे मानतात. नमाज मात्र माफ नाही. सुया टोचलेला हात हलविता येत नसेल तर खुर्चीवरच इशाऱ्याने ती अदा करता येते. आणि निरोगी असताना मनुष्य जी सत्कर्मे नेमाने करीत असे, ती आजारपणातही त्याच्या नावे लिहिली जातात, हे हदीसमध्ये आलेच आहे.

त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नावर मुलाने फारसे काही सांगितले नाही. “अब्बा, सोमवारी डायलिसिस आहे, आणि तीस जणांच्या जेवणाचा हिशेब तुम्हालाच करायचा आहे,” एवढेच तो म्हणाला. पुढच्या रमजानमध्ये ते सहरीला पूर्वीसारखेच सर्वांच्या आधी उठले. नातवंडांना हाक मारून उठविण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. दुपारी डॉक्टरांनी ठरवून दिलेला पाण्याचा पेला ते आपल्या खोलीत, दार न लावता पीत.