प्रमाद आणि हिंसा

ज्याच्या मनात वैर नाही, कोणाला इजा करण्याची इच्छाही नाही, अशा माणसाच्या क्षणभराच्या अनवधानाने दुसऱ्याचा प्राण गेला, तर ते दुर्दैव समजून सोडून द्यावे, की हिंसेचा दोष त्याच्या माथी मारावा, हा धर्मचिंतनातला पुरातन प्रश्न इंग्लंडातील ग्लायडिंगच्या मैदानांवर फार निकडीचा होऊन बसतो.

आपल्या पुण्यातल्या हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात बिनइंजिनाचे ग्लायडर विंच या यंत्राने दोर ओढून वर चढवतात, आणि ते यंत्र चालवणारा जमिनीवर सुरक्षित असतो. तिकडच्या मैदानांवरल्या, विमानाने ओढून नेण्याच्या पद्धतीत मात्र ओढणारा वैमानिक सुमारे ५० मीटर लांबीच्या दोराने मागच्या ग्लायडरमधल्या माणसाच्या हवाली झालेला असतो. मागच्याने नीट न लागलेले पारदर्शक छत ओढून घेण्यात मन गुंतवले आणि तेवढ्यात ग्लायडर फार वर गेले, की दोर पुढच्या विमानाचे शेपूट उचलतो, नाक जमिनीकडे वळते, आणि वैमानिकाने दांडी पोटाशी ओढली तरी ते वर येत नाही. सारा मामला दोन-तीन सेकंदांचा. उंची थोडी असेल, तर सावरायला अवसर मिळत नाही. दोरात मुद्दाम घातलेला कमजोर दुवा अशा वेळी तुटेलच असा भरवसा नसतो, आणि ताण वरच्या दिशेने आला म्हणजे काही जातींचे आकडे कळ ओढूनही सुटत नाहीत.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाच्या मुळाशी प्रमत्त, म्हणजे बेसावध, वृत्ती ठेवली आहे, आणि तोच निकष मला न्याय्य वाटतो. वाऱ्याच्या अकस्मात झोताने सावध माणसाचेही ग्लायडर उचलले जाईल. त्याला दोषी म्हणणे क्रौर्य होईल. परंतु ओढणारे विमान दृष्टीआड होताच पिवळी मूठ ओढून दोर सोडावा, हा दंडक ज्याला शिकवलेला आहे, आणि उघड्या छतानिशीही ग्लायडर उडते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने प्रथम छताकडे हात नेला, तर पुढच्याच्या प्राणाहून आपली अडचण त्याने अगोदर मानली, एवढे म्हणणे भाग आहे. दोर सोडण्याची कळ ओढणाऱ्या वैमानिकाच्या हाताला सहज लागेल अशी तजवीज न करणारे व्यवस्थापकही त्या कसुरीचे वाटेकरी होत.

अभयदान समर्थाने दुर्बळाला द्यावे, असे आपण मानत आलो. परंतु उपकार करणारा ज्या घटकेला उपकृताच्या स्वाधीन होतो, त्या घटकेला अभय देण्याचा भार उपकृतावर येतो, आणि अखंड अवधानावाचून ते त्याला देता येत नाही.